न्यूजलेटर एचटीएमएलमध्ये पाठवायचं की प्लेन टेक्स्टमध्ये, हे कसं ठरवायचं

न्यूजलेटर सुरू करायचं ठरलं की पहिल्या दिवशी बहुतेक जण टेम्प्लेट बघत बसतात. मीही बसले होते, दोन संध्याकाळी हेडर आणि रंग निवडण्यात गेल्या आणि अंकात लिहायचं काय ते अजून ठरलंच नव्हतं. म्हणून सगळ्यात आधी एक काम करा, टेम्प्लेटची खिडकी बंद करा, नोटपॅड किंवा फोनमधलं साधं नोट्स ॲप उघडा आणि पुढचा अंक त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढा. ठळक अक्षरं नाहीत, फोटो नाहीत, बटणं नाहीत, हेच प्लेन टेक्स्ट. लिहिताना जिथे हात अडेल, म्हणजे इथे फोटो दाखवल्याशिवाय कळणारच नाही, इथे तक्ता लागणार, इथे दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवायला हव्यात असं वाटेल, तिथे एक फुली मारून पुढे जा.

अंक लिहून झाला की फुल्या मोजा. एकही नाही किंवा एखादीच आहे, तर तुम्ही पत्र लिहिताय आणि पत्राला पत्रासारखंच दिसू द्या. प्रत्येक परिच्छेदात फुली आहे तर तुमचा मजकूर खरंच दाखवण्याचा आहे, मग एचटीएमएल, म्हणजे रंग, फोटो, बटणं मांडता येणारा कोड, त्याच्या डिझाइनवर वेळ घालवणं योग्य. मधलं काहीतरी असेल, आणि बहुतेकांचं मधलंच असतं, तर त्याचा उपायही मधलाच आहे, तो खाली येतोच. पण आधी मेलच्या पाकिटात काय काय जातं ते बघू, कारण ते कळलं की अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

पाकिटात काय असतं

१९८२ सालचा मेलचा जुना नियम, आरएफसी ८२२, फक्त साध्या इंग्रजी अक्षरांचा विचार करून लिहिलेला होता. फोटो नाही, देवनागरी नाही, ठळक अक्षर नाही. मग १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी माइम ही पद्धत मांडली आणि एका मेलमध्ये वेगवेगळे भाग भरता यायला लागले, दुसऱ्या लिप्या, फाइली, चित्रं सगळं. त्यातच मल्टिपार्ट-अल्टरनेटिव्ह नावाचा एक प्रकार आहे जो न्यूजलेटरवाल्यांनी नीट समजून घ्यायला हवा. एकाच पाकिटात तोच मजकूर दोन रूपांत भरायचा, आधी प्लेन टेक्स्ट आणि त्याच्यामागे एचटीएमएल, आणि वाचकाच्या ॲपने त्यातलं आपल्याला झेपेल ते सगळ्यात शेवटचं रूप दाखवायचं. जीमेल एचटीएमएल दाखवतं, टर्मिनलच्या काळ्या खिडकीत मट हे नुसत्या अक्षरांचं मेल ॲप वापरणारा माणूस टेक्स्ट वाचतो, आणि दोघांनाही तुम्ही काही वेगळं पाठवलेलं नसतं.

म्हणजे "एचटीएमएल की टेक्स्ट" असं दोनातलं एकच निवडायची गरज बहुतेक वेळा पडत नाही, दोन्ही पाठवता येतात आणि दोन्ही पाठवावीतच. ठरवायचं एवढंच उरतं की एचटीएमएलचा भाग किती साधा ठेवायचा. पूर्वी काही ठिकाणी साइनअपच्या वेळी वाचकालाच विचारायचे, तुम्हाला एचटीएमएल हवं की टेक्स्ट, आता ते विचारायचं कारण नाही, वाचकाचं ॲप ते स्वतः बघतं.

हाताने कोड लिहून मेल पाठवत असाल तर एक गोष्ट तपासा, टेक्स्टचा भाग आधी आणि एचटीएमएलचा नंतर. क्रम उलटा झाला की बऱ्याच ॲपमध्ये तुमचं सगळं डिझाइन सोडून टेक्स्टच दिसतं आणि का ते लवकर सापडत नाही. न्यूजलेटरची सेवा वापरत असाल तर हे ती करते.

वाचकाने मेल उघडून काय करायचंय

फुल्यांची परीक्षा तुमच्या मजकुराची झाली, आता वाचकाच्या बाजूने बघा. मेल उघडल्यावर त्याने काय करावं असं तुम्हाला वाटतं?

शांतपणे शेवटपर्यंत वाचावं आणि जमलं तर उत्तर लिहावं असं वाटत असेल तर मेल ओळखीच्या माणसाने लिहिल्यासारखा दिसला पाहिजे. वर मोठा बॅनर, खाली सोशल मीडियाचे पाच आयकॉन असं दिसलं की वाचणारा आपोआप चाळायच्या मूडमध्ये जातो, ते आपण सगळेच करतो. आणि उत्तर हवं असेल तर नो-रिप्लाय पत्त्यावरून पाठवू नका, कितीही साधं पत्र असलं तरी त्या पत्त्यामुळे दार बंदच होतं.

दहापंधरा बातम्या किंवा लिंकांमधून वाचकाने आपल्याला हवी ती उचलावी असं असेल तर त्याला ठळक शीर्षकं हवीत, नजर ठरायला जागा हवी. शुद्ध टेक्स्टमध्ये अशी यादी दमवते, कारण प्रत्येक नोंदीखाली लिंकचा लांबलचक पत्ता येतो आणि चार नोंदींनंतर डोळे पत्तेच वगळायला लागतात. इथे साधं एचटीएमएल टेक्स्टपेक्षा सरळसरळ चांगलं.

चित्रकला, फोटोग्राफी, कपडे, घराची सजावट, नकाशे, अशा विषयांत बघणं हाच मुद्दा असतो. तिथे टेक्स्टचा हट्ट धरून "फोटो बघायला इथे क्लिक करा" असं लिहिलं तर वाचकावर अन्याय होतो. फोटो मेलमध्येच द्या.

आकड्यांचा तक्ता असेल तर टेक्स्टमध्ये तो स्पेस देऊन जुळवायला जाऊ नका. तुमच्या एडिटरमध्ये सगळी अक्षरं एकाच रुंदीची असतील पण वाचकाच्या फोनवर ती तशी नसतात, रकाने वाकडेतिकडे होतात, आणि चुकीच्या ओळीतला आकडा वाचला जाणं हे तक्ता नसण्यापेक्षा वाईट. तीनचार आकडे असतील तर वाक्यात सांगा, जास्त असतील तर एचटीएमएलचा खरा तक्ता वापरा.

आणि एखादीच सूचना द्यायची असेल, उद्याची भेट पुढे गेली, सेवा दोन तास बंद राहील, नियम बदलला, तर शुद्ध टेक्स्ट. पहिल्या ओळीत बातमी, दुसऱ्या ओळीत काय करायचं ते, संपलं.

डिझाइनची खरी किंमत कुठे भरावी लागते

डिझाइनचं एचटीएमएल एकदा बनवलं की झालं असं वाटतं. पण ते प्रत्येक अंकाला सांभाळावं लागतं आणि मेलचं एचटीएमएल म्हणजे वेबसाइटचं एचटीएमएल नव्हे. जावास्क्रिप्ट चालत नाही. फॉर्मवर भरवसा ठेवता येत नाही. विंडोजवरचं आउटलुक २००७ सालापासून मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरत आलंय, हो, वर्ड डॉक्युमेंटवालं वर्ड, त्यामुळे मागची चित्रं, गोल कोपरे, आधुनिक लेआउट त्यात बिघडतात आणि म्हणूनच मेल बनवणारे अजून टेबलात टेबल घालून लेआउट करतात. नवीन आउटलुक वेबच्या इंजिनवर चालतं पण जुनं अजून पुष्कळ ऑफिसांत आहे. जीमेल तर २०१६ पर्यंत कोडच्या सुरुवातीच्या हेड या भागात लिहिलेली रंगरूपाची स्टाइल बहुतेक काढूनच टाकायचं, तेव्हापासून बरं झालंय.

माझ्याबाबतीत झालेलं सांगते. एका अंकात नावनोंदणीचं बटण होतं, मागे गडद रंगाचं चित्र आणि वर पांढरी अक्षरं. माझ्या फोनवर छान, लॅपटॉपवर छान. पाठवल्यावर तासाभरात एका वाचकाचं उत्तर आलं की ताई, नोंदणीची लिंक द्यायची राहिलीय का. मग दुसरं, मग तिसरं. तिघेही ऑफिसमधल्या जुन्या आउटलुकवर वाचत होते, तिथे मागचं चित्र आलंच नाही आणि पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं राहिली. अंकातली एकच महत्त्वाची गोष्ट तीच होती. ज्यांनी लिहून कळवलं ते तीन, न कळवता मेल बंद केलेले किती असतील ते मोजायला काही साधन नाही, आणि मला आजही त्यांचंच जास्त वाईट वाटतं. तेव्हापासून बटणाला चित्र लावत नाही, सपाट पार्श्वरंग देते आणि खाली तीच लिंक साध्या वाक्यात पुन्हा लिहिते.

डार्क मोड हे दुसरं प्रकरण. काही ॲप तुमचे रंग तसेच ठेवतात, काही उलटे करतात, काही अर्धवट. पारदर्शक मागचा काळा लोगो काळ्या पानावर गायब होतो, त्याला बारीक पांढरी कड द्या किंवा मागे रंग भरून ठेवा. साध्या एचटीएमएलमध्ये रंग जवळपास दिलेलेच नसतात म्हणून तिथे ही अडचण फारशी येतच नाही.

स्वतःला एक प्रश्न विचारा, दर अंकाला चार ठिकाणी तपासणी करायला तुमच्याकडे कोणी आहे का? नसेल तर मोठं डिझाइन घेऊ नका. एमजेएमएलसारखी मेलचं एचटीएमएल बनवून देणारी साधनं हा टेबलांचा त्रास बराच कमी करतात, कुठल्या ॲपमध्ये काय चालतं ते कॅन आय ईमेल या साइटवर बघता येतं, पण शेवटी बघणारा माणूस लागतोच.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी

हा भाग जरा लांब होणार, कारण मेलच्या टेम्प्लेटमधले आकडे बहुतेक वेळा इंग्रजी मजकूर धरून ठरवलेले असतात आणि आपण तेच तसेच उचलतो.

यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या आजच्या नेहमीच्या पद्धतीत, इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. आणि चिन्ह म्हणजे अख्खं अक्षर नाही, "क्षे" हे एक अक्षर दिसतं पण आत क, हलन्त, ष आणि मात्रा अशी चार चिन्हं आहेत, म्हणजे १२ बाइट. अडीच हजार शब्दांचा मराठी अंक नुसत्या मजकुराचाच ४० केबीच्या आसपास जातो. आता जीमेल साधारण १०२ केबीच्या वरचा मेल कापतं आणि खाली पूर्ण मेल बघण्याची लिंक देतं. जड टेम्प्लेटमध्ये टेबलं आणि स्टाइलच पन्नाससाठ केबी खातात, त्यात मराठी मजकूर भरला की कात्री लागते, आणि कापला जातो तो शेवट, म्हणजे तुमची सही, उत्तर द्या ही विनंती आणि अनसबस्क्राइबची लिंक. ती लिंक दिसली नाही की चिडलेला माणूस स्पॅमचं बटण दाबतो. म्हणून लांब लिहिणाऱ्या मराठी न्यूजलेटरला हलकं एचटीएमएल जास्त गरजेचं आहे. यात चित्रांचं वजन धरायचं नाही बरं का, ती बाहेरून येतात, हा हिशोब मेलमधल्या कोडचा आणि मजकुराचा आहे.

फॉन्टचं बघू. तुम्हाला आवडलेला सुंदर देवनागरी वेबफॉन्ट ॲपल मेलमध्ये दिसेल, जीमेलमध्ये दिसणार नाही, तिथे फोनचा किंवा कॉम्प्युटरचा स्वतःचा फॉन्ट येईल. तेव्हा डिझाइन सिस्टिमच्या फॉन्टवर उभं करा. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर कधीही पेस्ट करू नका, ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला अर्थ नसलेली इंग्रजी अक्षरं दिसतात, आणि प्लेन टेक्स्टच्या भागात तर फॉन्ट सांगायची सोयच नसल्यामुळे तिथे सगळ्यांनाच तसं दिसतं. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं कारण आपल्याला वर वेलांटी, रफार आणि खाली उकार असतात, अक्षराच्या उंचीच्या १.६ पट ठेवा, अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान नको. टेम्प्लेटमध्ये शीर्षकाच्या अक्षरांमध्ये अंतर सोडलेलं असेल तर ते शून्य करा, नाहीतर शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो. तिरपी अक्षरंही टाळा, बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये खरी तिरपी अक्षरं नसतातच, सॉफ्टवेअर उभी अक्षरं नुसती वाकवतं.

आणि सुलेखनाच्या मोहात पडून अख्खा अंक चित्र म्हणून पाठवू नका, शुभेच्छापत्रासारखा. ज्याच्याकडे चित्रं बंद आहेत त्याला रिकामा चौकोन, ज्याला दिसत नाही त्याच्या स्क्रीन रीडरला वाचायला काही नाही, फोनवर झूम करूनही अक्षर बारीक. एखादं शीर्षक चित्रात ठेवा हवं तर, पण त्याला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राऐवजी दिसणारे किंवा वाचले जाणारे शब्द, द्या आणि तेच शब्द मजकुरातही येऊ द्या.

मधला रस्ता कसा बांधायचा

माझं मत विचाराल तर दहापैकी आठ न्यूजलेटरना हेच पुरतं. पत्रासारखं दिसणारं साधं एचटीएमएल, त्याच्यासोबत हाताने नीट केलेलं टेक्स्ट.

एचटीएमएलचा भाग एका रकान्याचा, रुंदी जास्तीत जास्त ६०० पिक्सेल, फोनवर आपोआप आकसणारा. पार्श्वरंग नाही किंवा अगदी एखादा. शीर्षकं खऱ्या शीर्षकाच्या टॅगमध्ये, नुसती मोठी आणि ठळक केलेली नकोत, कारण स्क्रीन रीडर वापरणारे शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारत वाचतात. मजकुराची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये लिहा, म्हणजे स्क्रीन रीडरला मराठीचा आवाज निवडता येतो, एका छोट्या नोंदीचं काम आहे आणि फार जण करत नाहीत. टेबल फक्त लेआउटसाठी वापरलं असेल तर त्याला प्रेझेंटेशन अशी भूमिका द्या, नाहीतर ऐकणाऱ्याला ओळी आणि रकान्यांचे आकडेच ऐकू येत राहतात. लिंकना अधोरेखा असू द्या, नुसत्या रंगाने सगळ्यांना कळत नाही. बटण एकच, तेही गरज असेल तर.

क्लिक मोजत असाल तर एचटीएमएलमध्ये लिंकसाठी शब्द वापरा, पूर्ण पत्ता दाखवू नका. दिसतो एक पत्ता आणि आत असतो मोजणीवाल्या सेवेचा दुसराच, हे फसव्या मेलचं लक्षण असतं आणि काही ॲप त्यावर इशाराही देतात.

टेक्स्टचा भाग सेवा आपोआप बनवून देतात आणि तो तसाच जाऊ दिला जातो. एकदा उघडून बघा तरी. वर ब्राउझरमध्ये पाहा, त्याखाली तीन ओळींचा पत्ता, मग लोगोचा पत्ता, मग तुमचं पहिलं वाक्य. हे साफ करायला दहा मिनिटं लागतात:

- सुरुवात थेट पहिल्या वाक्याने करा, इनबॉक्सच्या यादीत विषयाशेजारी तेच डोकावू शकतं.
- प्रत्येक लिंक स्वतंत्र ओळीवर, वर काय आहे ते एका वाक्यात. पत्त्याला चिकटून पूर्णविराम नको, तो लिंकमध्ये शिरतो आणि लिंक तुटते.
- शीर्षकाच्या वर दोन ओळी रिकाम्या, खाली एक. बरोबरच्या (=) चिन्हांच्या लांब रांगा काढू नका, काही स्क्रीन रीडर त्या मोजून वाचतात.
- ओळी हाताने तोडू नका. ७२ अक्षरांवर ओळ तोडायची जुनी पद्धत फोनच्या अरुंद पडद्यावर एक लांब ओळ, एक तुकडा, एक लांब ओळ अशी दिसते. परिच्छेद एकसलग ठेवा.
- फोटो होता तिथे त्यात काय आहे ते एका वाक्यात लिहा, बघायलाच हवा असेल तर पत्ता द्या.
- अनसबस्क्राइबचा पत्ता शेवटी, तोही स्पष्ट शब्दांत.

दोन्ही भागांत मजकूर तोच हवा. टेक्स्टच्या भागात "तुमचं ॲप एचटीएमएल दाखवत नाही, इथे क्लिक करा" एवढंच लिहून सोडणं म्हणजे टेक्स्ट वाचणाऱ्याला दारातूनच परत पाठवणं. शिवाय स्पॅमअसॅसिनसारखा फिल्टर दोन भागांत फार फरक दिसला तर त्याचीही नोंद घेतो, आणि नुसता एचटीएमएल भाग असलेल्या मेलचीही.

शुद्ध टेक्स्ट कुणाला

वाचक जर मुख्यतः प्रोग्रॅमर, सिस्टिम सांभाळणारे किंवा सुरक्षेत काम करणारे असतील तर शुद्ध टेक्स्ट त्यांना आपलंसं वाटतं, आणि त्यामागे कारणंही आहेत. २०१८ मध्ये ईफेल नावाची त्रुटी उघड झाली होती, त्यात एन्क्रिप्ट केलेल्या मेलमधला मजकूर एचटीएमएलच्या वाटेने बाहेर पाठवून घेता येत होता, आणि तात्पुरता उपाय म्हणून मेलमधलं एचटीएमएल बंद ठेवायचा सल्ला दिला गेला. शुद्ध टेक्स्टमध्ये शब्दांच्या मागे लपलेली लिंक नसते, तुम्ही कुठे जाताय ते डोळ्यांना दिसतं. फक्त तेव्हा क्लिकची मोजणी बंद करा, नाहीतर तो दिसणारा पत्ता कुणा तिसऱ्याचाच असतो आणि सगळा फायदा गेला.

छोटी लिस्ट, पन्नाससाठ ओळखीची माणसं, त्यांनाही शुद्ध टेक्स्ट मस्त चालतं. तिथे डिझाइनची काही गरजच नसते.

आकडे आणि स्पॅम, दोन गैरसमज

"एचटीएमएल नसेल तर किती जणांनी उघडलं ते कसं कळणार" हे कारण खूपदा ऐकते. उघडल्याची मोजणी एका अदृश्य चित्रावर चालते, आणि शुद्ध टेक्स्टमध्ये चित्र नसतं त्यामुळे ती होत नाही हे खरंच. पण २०१३ च्या शेवटापासून जीमेल चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्गे आणतं, आणि २०२१ मध्ये आयओएस १५ सोबत ॲपलने मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं, ते चालू असलं की चित्रं आधीच आणून ठेवली जातात, माणसाने मेल उघडलेला असो वा नसो. म्हणजे त्या आकड्यात न उघडलेले मेलही मिसळलेले असतात, आणि ज्यांच्याकडे चित्रं बंद आहेत ते वाचूनही मोजले जात नाहीत. अशा आकड्यासाठी फॉरमॅट निवडू नका. किती जणांनी क्लिक केलं, किती जणांनी उत्तर लिहिलं, किती जण सोडून गेले, हे बघा.

दुसरा गैरसमज, टेक्स्ट पाठवलं की स्पॅममध्ये जात नाही. तसं काही नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले, जीमेलच्या हिशोबात दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल म्हणजे मोठं प्रमाण. मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी हव्यात, एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब हवं, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली राहायला हव्यात. यातलं काहीही एचटीएमएलवर अवलंबून नाही, एका क्लिकचं अनसबस्क्राइबसुद्धा मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराच्या आधीच्या तांत्रिक नोंदींत असतं, शुद्ध टेक्स्टच्या मेललाही ते लावता येतं. तुमची लिस्ट छोटी असली तरी हे आधी नीट करा आणि मग फॉरमॅटवर डोकं चालवा.

चालू न्यूजलेटर बदलायचं असेल तर

रंगीत टेम्प्लेटवरून पत्रासारख्या रूपात यायचं असेल तर न सांगता बदलू नका. अचानक साधा मेल दिसला की नेहमीच्या वाचकाला शंका येते, कुणी नावाचा गैरवापर तर करत नाही ना. आधीच्या अंकात दोन ओळी लिहा, पुढच्या वेळेपासून असं दिसेल आणि का. पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता तोच ठेवा.

अर्ध्या लिस्टला एक रूप, अर्ध्याला दुसरं अशी चाचणी घ्यायची असेल तर क्लिक आणि उत्तरं मोजा. दोनतीनशे जणांची लिस्ट असेल तर मात्र चाचणीच्या नादी लागू नका, पाचसात क्लिकचा फरक योगायोगानेही येतो. त्यापेक्षा दहा वाचकांना सरळ लिहून विचारा, ते कशावर वाचतात, कधी वाचतात, काय वगळतात. मला यातून जेवढं कळलं तेवढं कुठल्याच डॅशबोर्डवर कळलं नाही. एकीने सांगितलं की ती अंक कामाला जाताना कानात ऐकते, फोन वाचून दाखवतो, आणि प्रत्येक लेखानंतर मी टाकलेली चांदण्यांची रांग तिला दर वेळी ऐकावी लागते. पुढच्याच अंकात ती रांग काढली.

पाठवायच्या आधी

स्वतःलाच एक प्रत पाठवा आणि ती फोनवर जीमेलमध्ये बघा, जमलं तर जुन्या आउटलुकवर, मग डार्क मोड लावून, मग चित्रं बंद करून. मग टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर, म्हणजे फोनमधला स्क्रीन रीडर चालू करून डोळे मिटा आणि पहिली दोन मिनिटं ऐका. मग तोच मेल दुसऱ्या पत्त्यावर फॉरवर्ड करा, कारण न्यूजलेटर पसरतं ते फॉरवर्डमधूनच आणि फॉरवर्ड होताना जड एचटीएमएल हमखास मोडतं, रकाने सरकतात, रंग जातात. टेक्स्टचा भागही वेगळा उघडून वाचा, जीमेलच्या मेन्यूत मूळ मेल बघायची सोय आहे, तिथे दोन्ही भाग आहेत का आणि यूटीएफ-८ लिहिलंय का ते दिसेल. मराठी मजकूर तिथे आकड्याअक्षरांच्या गोधडीसारखा दिसला तर घाबरू नका, तो पाठवण्यासाठी बांधलेला असतो.

आणि शेवटी इनबॉक्सच्या सर्चमध्ये अंकातला एखादा ठळक शब्द टाका, वाचक तीन महिन्यांनी जो आठवून शोधेल असा. तुमचा मेल वर आला की पाठवा.